एका चुलीची माणसं

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, कुरुळी

ही डायरी ह्यांना कंपनीतून मिळालेली, गेल्या वर्षीची. वार जुळत नाहीत म्हणून पेनाने खोडून लिहितेय. हे म्हणाले, "विजू, रोज देवाचे उपकार लिहीत जा. आपण नवीन घर सुरू करतोय, पुढे वाचताना बरं वाटेल." बघू. रोज जमणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे.

आज घर सुरू झालं. बबनरावांच्या इमारतीचा दुसरा मजला. एक मोठी खोली, चार लहान, एक स्वयंपाकघर. एका खोलीत मी आणि हे. दुसरीत दिव्या आणि सनी, आणि त्यांची दोन वर्षांची शेरॉन. तिसरीत शालनबाई. त्या जालन्याकडच्या, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमच्या लहानशा मंडळीत सगळ्यांत वयस्कर त्याच. चौथी खोली येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी मोकळी ठेवलीय. सगळ्यांची चूल एक, जेवण एकत्र, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना.

पिंपरीच्या चर्चमधून पाळकसाहेब आले, प्रार्थना करून, चहा पिऊन गेले. हे मग उभे राहून बोलले. "आपल्याला रविवारची मंडळी नको, रोजची हवी. प्रत्येकाने आपापला वाटा उचलायचा. ह्या घरात पाहुणा कोणी नाही." फिटरचं काम करणारा माणूस, घरी चार वाक्यं बोलत नाही, पण देवाचं बोलायला लागला की लोक ऐकत राहतात. मीही ऐकलं. मग बावीस माणसांचं जेवण वाढलं आणि दिव्याबरोबर भांडी घासली.

खाली बबनरावांकडे भाऊबीज होती. त्यांनी फराळाचं ताट वर पाठवलं. उपकार म्हणून तेच लिहिते. चकली छान होती.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आठ दिवस झाले. दुपारचे दोन वाजलेत आणि पहिल्यांदाच पाठ टेकली.

सनी कंत्राटी कामावर, शिफ्ट बदलती. दिव्या पॅकिंगला जाते, सकाळी निघते ती संध्याकाळी येते. मीही जायचे पॅकिंगला, लेबलं चिकटवायला. घर सुरू करायचं म्हणून सोडलं. हे म्हणाले, घराला कोणीतरी पूर्णवेळ हवं. आता मी पूर्णवेळ आहे.

शालनबाईंना तांदूळ निवडायला दिले होते. ताट मांडीवर घेऊन गॅलरीत उन्हात बसल्या, तासभर बोटं फिरवत होत्या. भात झाल्यावर सनीच्या दाताखाली खडा आला. त्याने तो ताटाच्या कडेला काढून ठेवला. मी बोलले, "शालनबाई, तांदूळ निवडले की नुसते कुरवाळले?" त्या हसल्या. "माझंच चुकलं माय."

हसून सोडून द्यायला मलाही आवडलं असतं.

रविवार, २४ नोव्हेंबर

उपासनेनंतर जेवणं. शालनबाई पाण्याचा जग घेऊन आल्या आणि टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवला. पडला, फुटला. सगळीकडे पाणी. दोन बायका पुसायला धावल्या. शालनबाई तिथेच हात पुढे धरून उभ्या. मला एवढा राग आला! निदान बाजूला तरी व्हावं माणसाने.

हे मला नंतर म्हणाले, "त्या म्हाताऱ्या आहेत, सांभाळून घे." सांभाळूनच घेतेय. गेल्या आठवड्यात भाजीत दोनदा मीठ घातलं, सांभाळून घेतलं. माझ्या साडीला चटका लावला, सांभाळून घेतलं. बासष्ट म्हणजे काही फार वय नाही. माझी आई त्या वयात शेतात खुरपत होती.

बबनराव जिन्यात भेटले. म्हणाले, "ताई, तुमचं गाणं ग्वाड हाय, आमची काय ना न्हाई. पर ती पेटी सकाळच्या पारी जरा हळू वाजवा. आमच्या म्हातारीला झोप लागत न्हाई." ह्यांना सांगितलं. ह्यांना वाईट वाटलं. मला तर पेटी बंदच झाली तरी चालेल, पहाटे तेवढीच झोप मिळेल. हे उपकारात बसतं का, माहीत नाही.

सोमवार, २ डिसेंबर

शालनबाई कोथिंबीर आणायला गेल्या त्या दीड तास आल्याच नाहीत. शेवटी ताजुन्निसा त्यांना हाताला धरून वर घेऊन आली. ताजुन्निसाचं शिवणाचं दुकान कोपऱ्यावर आहे, तिच्या नवऱ्याचं, चांदभाईंचं, गॅरेज शेजारी.

"वहिनी, खाला आपल्या गल्लीच्या पुढे गेली होती, पार ट्रकच्या लायनीपर्यंत. मी हाक मारली तर आवाजाकडे तोंड करून नुसती उभी राहिली. म्हटलं सोडून येते."

मी आभार मानले आणि चहा टाकला. ताजुन्निसा चहा पिताना शालनबाईंकडेच बघत होती. जाताना दारात मला म्हणाली, "खालाला एकटीला पाठवू नका हां." मी म्हटलं, "अगं, गप्पा मारायला कोणी भेटलं असेल. त्यांना बोलायला फार लागतं."

ती जिना उतरून गेली. कोथिंबीर आलीच नव्हती.

बुधवार, १८ डिसेंबर

नाताळचा फराळ. आज एक गोष्ट नवलाची झाली. शालनबाईंनी करंज्या केल्या, आणि अशा केल्या की मी बघत राहिले. पारी हातावर घ्यायची, सारण घालायचं, कड दुमडत दुमडत न्यायची. बघतही नव्हत्या हाताकडे, तोंड दिव्याकडे, गोष्ट सांगणं चालू. एकही करंजी तेलात फुटली नाही. माझ्या चार फुटल्या.

म्हणजे मनात आणलं तर येतं सगळं. तांदूळ निवडताना मन नसतं, एवढंच.

दिव्या खूप हसली आज. शेरॉन पिठात बसली होती. सनी घरी आल्यावर ह्यांनी त्याच्या हातात पेटी दिली, आणि त्याला फक्त दोनच गाणी येतात, तीच परत परत वाजवली. असं असेल तर राहू शकेन मी ह्या घरात, असं वाटलं. खरं लिहायचं तर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं.

गुरुवार, २६ डिसेंबर

काल नाताळ. किती माणसं जेवली माहीत नाही. पाय सुजलेत.

दिव्या म्हणाली, "ताई, रागावू नका, शेरॉनच्या दुधासाठी मी खोलीत छोटी शेगडी ठेवू का?" मी म्हटलं ठेव. ह्यांना ते आवडलं नाही. "दुधापासून सुरू होतं, मग चहा, मग आमटी. एक चूल म्हणजे एक चूल." दिव्या शेरॉनला घेऊन खोलीत गेली. मी तिची बाजू घ्यायला हवी होती, पण मी गप्प बसले. थकलं की माणूस कोणाचीच बाजू घेत नाही.

रविवार, १२ जानेवारी २०२५

उपासनेला अकरा जण. तिकडे चिंचवडला मोठी मंडळी सुरू झालीय, मोठा हॉल, स्पीकर, मुलांसाठी वेगळा वर्ग. आमच्याकडचे तिघं तिकडे गेले. हे दुपारी जेवले नाहीत. अकरा माणसांचा स्वयंपाक सोपा असतो, असं माझ्या मनात आलं आणि लाज वाटली.

मंगळवार, २१ जानेवारी

कसं लिहू.

मी खाली दळण आणायला गेले होते. शेरॉनला शालनबाईंजवळ ठेवलं होतं, मोठ्या खोलीत. आज दिव्याची सुट्टी होती, पण ती अंघोळीला गेली होती. जिन्याचं दार उघडं राहिलं. मी परत येत होते तेव्हा ओरडणं ऐकलं. शेरॉन पाच-सहा पायऱ्या गडगडत खाली, पहिल्या वळणावर पडलेली, कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यांत उतरलेलं. मी पीठ तिथेच टाकलं. चांदभाई गॅरेजमधून धावत आले, त्यांच्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. तीन टाके. देवाची दया, बाकी काही नाही.

परत आलो. शालनबाई वरच्या पायरीवर बसल्या होत्या. दिव्या पोरीला छातीशी धरून त्यांच्या बाजूने आत निघून गेली, बघितलंही नाही. सनी कामावरून धावत आला होता, हेही आले होते. बबनरावांच्या घरची माणसंही जिन्यात उभी. आणि सगळ्यांसमोर मी ओरडले.

"तुमच्यासमोरून गेली ना ती? दारातून गेली! डोळे फुटले होते का तुमचे?"

त्या म्हणाल्या, "व्हय गं माय."

मला वाटलं उलट बोलतायत. मी अजून काही बोलणार होते.

"फुटलेच हायेत. दिसत न्हाई मला. डाव्याचं तर लई दिस झाले, आता उजव्याचंबी जायला लागलंय. पोरगी माझ्याजवळच हाय असं वाटलं मला. तिचं खुळखुळं वाजत व्हतं. ती ते टाकून गेली ते कळलंच न्हाई."

ह्यांनी हळूच विचारलं, "शालनबाई, सांगितलं का नाही आम्हाला?"

"तूच म्हनला व्हतास ना रविराज, परत्येकाने आपापला वाटा उचलायचा. मला काम जमत न्हाई म्हनले असते तर मंग मी हितं कशाला?"

हे भिंतीला टेकले.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी प्रार्थना झाली नाही. कोणी बोलावलं नाही, कोणी आलं नाही. जिन्यातलं पीठ मी झाडून काढलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

शालनबाईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. मोठी रांग. त्यांचा हात धरावा लागला. एवढे दिवस एका घरात राहतोय, आज पहिल्यांदा त्यांचा हात धरला. कोरडा, हलका हात.

काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उजव्या डोळ्यात समोरचं तेवढं थोडं दिसतं, नळीतून बघावं तसं. औषधाचे थेंब घातले तर तेवढं टिकेल कदाचित. डॉक्टरीण तरुण होती. तिने मला विचारलं, "हे एका दिवसातलं नाही. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का?"

मी म्हटलं, "आम्ही एकत्र राहतो, सात-आठ जण जेवायला असतात." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे लिहीत राहिली. मी असं उत्तर का दिलं कुणास ठाऊक. प्रश्न तो नव्हताच.

येताना रिक्षात मला रागच येत होता. फसवलं त्यांनी आम्हाला. पोरगी मेली असती. रिक्षातून उतरल्यावर मात्र जिन्यात मी "पायरी, पायरी, आता वळण" म्हणत गेले. त्या म्हणाल्या, "पायऱ्या मला ठाव हायेत माय, तू उगं दमू नको."

रविवार, ९ फेब्रुवारी

दिव्या-सनी गेले. सनीला गाडी चालवायचं काम मिळालं, आयटीवाल्यांना घरून आणायचं-सोडायचं. मारुंजीला खोली घेतली. दिव्याने मला मिठी मारली. "ताई, तुमच्यावर राग नाही. आजींवरही नाही. पण मला कामावर असताना पोरीची धाकधूक नको." मी म्हटलं, "बरोबर आहे गं." खरंच बरोबर आहे.

शालनबाईंनी शेरॉनच्या कपाळावरून बोट फिरवलं, टाक्यांच्या जागी थांबलं, मग त्या बाजूला झाल्या. शेरॉन त्यांना सोडायलाच तयार नव्हती. तिला कोण सांगणार.

आज उपासनेला आम्ही तिघं आणि बाहेरचे दोघं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बबनराव वर आले होते. फार भल्या माणसासारखं बोलले. "रविराजभाऊ, तुमी हायसा तवर कायबी तरास न्हाई. पर मजला सगळा तुमाला झेपणार न्हाई, ते मलाबी दिसतंय. एका कंपनीची पोरं इचारत्यात खोल्या. घाई न्हाई, महिनाभरात सांगा."

ते गेल्यावर मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो विजू. आई-बाप आठवत नाहीत. घर म्हणजे मला पंगतच माहीत होती. साठ पोरं एका रांगेत, ताटं वाजवत. मला वाटलं, देवाचं घर असंच असतं. मी सगळ्यांना पंगतीत बसवलं, आणि कोणाकडे बघितलंच नाही."

इतकं ते कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "मीही नाही बघितलं." आणि आत जाऊन कुकर लावला.

संध्याकाळी ह्यांनी जालन्याला शालनबाईंच्या पुतण्याला फोन लावला. तो नाही म्हणाला नाही. "पाठवा, पडवीत खाट टाकू" म्हणाला. ह्यांनी मला सांगितलं, "तू म्हणायचीस तसं करू. तुझ्या बहिणीजवळ रहाटणीला दोन खोल्या बघू. फक्त आपण दोघं. तुझी चूल तुझी."

किती दिवसांपासून हेच मागत होते मी. रोज संध्याकाळी डोळे मिटून हेच मागायचे, हे बाकीच्यांना कुठे माहीत. मिळालं तर आनंद व्हायला हवा. नुसती थकलेय म्हणून होत नसेल.

शनिवार, १ मार्च

रहाटणीला खोल्या बघून आले. बहीण बरोबर होती. तळमजला, स्वच्छ, खिडकीतून शेजारच्या सोसायटीची भिंत दिसते. ओटा छान उंच आहे. घरमालकीण बाई बोलकी.

मी तिला विचारलं, न्हाणीघर आतल्या खोलीपासून किती लांब? उंबरा काढता येईल का? पाय अडकतो. आणि न्हाणीत भिंतीला धरायला कडी बसवली तर चालेल का? बहीण हसायला लागली. "अगं, चव्वेचाळीस वर्षांची तू, कडी कशाला हवी?" मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. दुखतातच.

घरमालकीण हो म्हणाली कडीला.

गुरुवार, ६ मार्च

शालनबाईंनी आपलं सामान आवरून ठेवलं. एक ट्रंक, एक पिशवी. सगळं घडी घालून, कुठे काय आहे त्यांना पाठ. मी मदत करायला गेले तर नको म्हणाल्या. "मला सवय लागू दे. तिथं कोन देनार हातात."

ताजुन्निसा येऊन त्यांच्याजवळ बसून गेली. एक पोलकं शिवून आणलं होतं, पुढे बटणं, मोठी, हाताला लागतील अशी. माप कधी घेतलं तिने, मला कळलंही नाही. काय बोलल्या दोघी ते मी ऐकलं नाही, पण दार उघडं होतं आणि दोघी रडत होत्या.

रविवार, ९ मार्च

टेम्पो सकाळीच आला. ठरलं असं होतं: टेम्पो सामान घेऊन रहाटणीला, मी त्यात, हे शालनबाईंना घेऊन जालन्याच्या एसटीला बसणार आणि उद्या परत येणार. सुट्टी टाकली होती ह्यांनी.

पलंग चढला, कपाट चढलं, भांडी चढली. ट्रंक जिन्याशी वेगळी ठेवली होती. मी म्हटलं, "ती ट्रंकही चढवा."

हे म्हणाले, "अगं, ती जालन्याची."

"चढवा आधी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ट्रंक उचलून भांड्यांच्या पलीकडे सरकवली, आणि मग तोंड फिरवून उगाच दोरी ओढत राहिले. किती वेळ ओढली ती दोरी.

शालनबाईंनी ऐकलं होतं सगळं. पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. जागच्या हलेनात.

"विजू, माझ्यावर उपकार नको करू माय. तुझ्या मनात न्हाई, हे मला ठाव हाय. दिसत नसलं तरी आवाज कळतो मला."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बबनरावांची माणसं दारात. मला गोड काहीतरी बोलता यायला हवं होतं, ह्यांच्यासारखं. नाही आलं.

मी म्हटलं, "नाही माझ्या मनात. खरंच नाही. मी फार दमलेय, शालनबाई. मला माझं एकटीचं स्वयंपाकघर हवं होतं. पण तुम्ही त्या पडवीत बसलेल्या मला दिसत राहाल, आणि ते मला झेपणार नाही. म्हणून बसा. पुढच्या सीटवर बसा, पायरी उंच आहे, माझ्या खांद्याला धरा."

मग त्यांचा हात माझा खांदा शोधत आला. आधी गळ्याला लागला, मग सापडला.

पुतण्याला फोन ह्यांनी केला. तो म्हणाला, बरं झालं.

रविवार, २३ मार्च, रहाटणी

दोन आठवड्यांनी लिहितेय. फार काही बदललं नाही. माझं स्वयंपाकघर माझं आहे आणि त्यात दिवसभर शालनबाई बसलेल्या असतात. लसूण सोलतात, मटार सोलतात. बोलतात फार. दुपारी मी कधी कधी मुद्दाम उत्तर देत नाही, तर म्हणतात, "झोप, झोप, मी नुसतीच बोलते." दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब घालायचे, ते माझ्याकडे. परवा एकदा चिडले, काल दोनदा.

हे घरात प्रार्थना घेत नाहीत हल्ली. मी विचारलं तर म्हणाले, "तिघांत कसली उपासना? थांबू थोडे दिवस." चाकणला कंपनीत जायला आता लवकर निघावं लागतं, परत येतात ते सावलीसारखे. आज रविवार असूनही ओव्हरटाइमला बोलावलं.

मी भात टाकला आणि बाहेर आले तर शालनबाई खाटेच्या कडेला बसलेल्या. अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, डोक्यावर पदर.

"माणसं आली का?"

"कोणी येणार नाही शालनबाई. आपण दोघीच आहोत."

"मंग दोघी. बस."

मला भाजी चिरायची होती. बसले. त्यांनी एक गाणं म्हटलं, मी मधूनमधून म्हटलं. मग त्या प्रार्थना करायला लागल्या. नावं घेत गेल्या. रविराज, त्याची पाठ दुखते. दिव्या, सनी. शेरॉन, तिच्या कपाळावरचा वण बुजू दे. ताजुन्निसा, तिच्या मशीनला बरकत दे. चांदभाई. चिंचवडच्या मोठ्या मंडळीत गेले ते तिघं, एकेकाचं नाव घेऊन, त्यांना तिथं करमू दे. जालन्याचा पुतण्या. मारुंजीचे रस्ते, सनी गाडी चालवतो म्हणून. मला वाटलं नव्हतं आम्ही इतकी माणसं होतो.

आणि मध्येच मला करपल्याचा वास आला. मी हळूच उठले, चप्पलही न घालता आत गेले, गॅस बंद केला. खालचा भात गेला होता, वरचा चालण्यासारखा. झाकण ठेवलं. ओट्याशी क्षणभर टेकून उभी राहिले. बाहेर आवाज येत नव्हता. म्हटलं, झाली असेल प्रार्थना.

बाहेर आले तर त्या तशाच बसलेल्या, डोळे मिटून, हात जोडून, तोंड मी बसले होते त्या जागेकडे. मी जाऊन बसले. खाट वाजली.

तेव्हा त्यांनी पुढचं नाव घेतलं. बबनरावांचं.